भिंतीवरचा हिरवा रंग : आपल्या मंडळीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, कमिटीचे सर्व पंच, महिला संघाच्या भगिनी आणि मंडळीतले लहानथोर,

प्रभूच्या नावात सर्वांस सलाम.

हे पत्र मी चर्चच्या नोटीस बोर्डावर लावतो आहे आणि बाहेर छापायलाही देतो आहे. म्हणून यात मंडळीचं नाव नाही, गावाचं नाही, आपल्यातल्या कुणा माणसाचंही नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यातली सत्तर उंबऱ्यांची जुनी मराठी मंडळी, एवढं बाहेरच्याला पुरे. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना ओळ न् ओळ कळेल.

गेल्या सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मी दूध घेऊन येत होतो. आपल्या माजी चिटणिसांच्या घराची रस्त्याकडची भिंत आहे ना, तिथं त्यांची नात वाकून काहीतरी घासत होती. सहावीतली पोर. अंगावर शाळेचा ड्रेस, पायाशी बादली, हातात कपडे घासायचा ब्रश. रविवारी माझ्याच संडे स्कूलच्या वर्गात पुढं बसते. मला बघून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पण पोरीच्या पाठीनं झाकतील एवढी ती अक्षरं लहान नव्हती. ‘यहूदा’ असं लिहिलेलं होतं, हातभर उंचीच्या तीन अक्षरांत; पैशांसाठी प्रभूला धरून देणाऱ्या शिष्याचं नाव. तिची आजी उंबऱ्यात बसून होती. तिनं मान वर केली नाही.

मी जवळ गेलो तेव्हा रंग ओळखला. नाताळाआधी आपण चर्चच्या खिडक्यांना हिरवा ऑइल पेंट मारला, तोच. उरलेला अर्धा डबा वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटाखाली ठेवलेला मीच पाहिला होता. वेस्ट्रीच्या किल्ल्या दोघातिघांकडं असतात.

कुणी लिहिलं ते मला शोधायचं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं रात्री घरी जाऊन हात रॉकेलनं पुसले असतील, आणि पुढच्या रविवारी त्याच हातांनी तो उपासना संगीताचं पुस्तक उघडेल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे की शब्द तू लिहिलास, पण तो आमच्या सगळ्यांच्या तोंडात वर्षभर होता. चिटणीस गेल्या पावसाळ्यात वारले तेव्हा मातीला पाळकसाहेब धरून एकोणीस माणसं होती. मी मोजली. सत्तर उंबऱ्यांतली एकोणीस. बाकीचे का आले नाहीत ते सगळ्यांना माहीत आहे: बोर्डिंगची जागा त्यांनी विकली, पैसे त्यांनी खाल्ले, प्रभूचं घर त्यांनी धरून दिलं.

आता बोर्डिंगच्या जागेचं खरं काय ते मी सांगतो. त्या वेळी खजिनदार मी होतो. अकरा वर्षं मंडळीची डबी माझ्या हातात होती.

‘डबी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तो यहूदाच्या संदर्भात येतो. बेथानीच्या घरात मरीया जटामांसीचं तेल प्रभूच्या पायांना लावते, घर सुगंधानं भरून जातं, आणि यहूदा म्हणतो की हे तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का नाही दिलं. दिनार म्हणजे तेव्हाची एका मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई त्या एका कुपीत होती. योहान तिथंच सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती; डबी त्याच्याकडं असे आणि तीत पडेल त्यातलं तो काढून घेई.

मी ही गोष्ट चाळीस वर्षं मुलांना शिकवली. पण हीच गोष्ट मार्काच्या आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत कशी आहे ते शेजारी-शेजारी ठेवून मी कधी वाचलं नव्हतं. सोमवारी रात्री वाचलं. मार्क म्हणतो, तिथल्या कित्येकांना राग आला. मत्तय म्हणतो, शिष्यांना राग आला. यहूदाचं एकट्याचं नाव फक्त योहानात आहे. तेल वाया गेलं ही कुरकुर त्या रात्री अनेकांच्या तोंडी होती, आणि आपल्या आठवणीत मात्र ती एकाच तोंडात उरली. आपण व्यासपीठावरून नेहमी योहानातलीच गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी पडते, कारण तिच्यात बाकीचे अकरा जण सुटतात.

बोर्डिंगकडं येतो.

तुमच्यातल्या तरुणांना ती जागा म्हणजे हायवेला लागून असलेली चकचकीत इमारत एवढीच माहीत आहे. तिथं कौलारू बोर्डिंग होतं, मुलींचं. समोर चिंच होती. बावीस गुंठे जागा. या जिल्ह्यात लंडन मिशनचे लोक १८२० साली आले, मागोमाग शाळा आल्या. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले आणि इथल्याच मिशन शाळेत शिकले. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा माणूस आपल्या जिल्ह्याचा, हे मी दरवर्षी मुलांना अभिमानानं सांगतो. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरची माणसं दुरावली. विश्वासापायी त्यांचं काय गेलं आणि विश्वासाच्या नावावर आपल्याला काय मिळालं, हा हिशेब मनात आला की मला जेवण जात नाही.

मिशनरी परत गेले तेव्हा जागा कागदावर ट्रस्टकडं आल्या आणि वापर मंडळ्यांकडं राहिला. ट्रस्टचं ऑफिस लांब, मंडळी भोळी, आणि मधे सह्या करणारे आपण पाच-सात जण. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर सगळं ठीक चाललं. पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला आणि रस्त्याकडेच्या ज्या जागेत कुत्रं बसत नव्हतं तिथं मोटारी थांबायला लागल्या. बोर्डिंग तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कौलं गळत होती. चर्चचं छप्परही गळत होतं, हेही खरं.

मग विशेष सभा झाली. जुलैचा महिना, संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. मेणबत्त्या लावून सभा घेतली. सभेला चौदा जण होतो. ठराव वकिलानं इंग्रजीत लिहून दिलेला. खरेदीखत नंतर झालं ते कन्नडमध्ये. आपण प्रार्थना मराठीत करतो. त्या चौदांपैकी दोन्ही कागद वाचू शकणारी माणसं तीन होती. एक चिटणीस, एक आज बंगलोरला मुलाकडं आहेत ते पंच, आणि तिसरा मी.

तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या आपल्या आत्या तुम्हाला माहीत आहेत. विड्या वळतात, अजूनही. अकरा वर्षं दर रविवारी उपासनेनंतर वेस्ट्रीतल्या टेबलावर थैली ओतून मी पैसे मोजले. त्यांची नोट मला न सांगता कळायची. आठ घड्या घातलेली असायची आणि उलगडली की तंबाखूचा वास यायचा. निपाणीच्या वखारीतनं आलेला जर्दा सुपात घेऊन दिवसभर पानात भरायचा, त्या बोटांनी पदराच्या गाठीत बांधलेली नोट. त्या नोटेचा वास माझ्या बोटांना दुपारपर्यंत राहायचा. कापणीच्या सणाला त्या एक अंडं आणतात, दरवर्षी एकच, आणि लिलावात कुणी त्याला पन्नास रुपये म्हटलं की लाजून पदर तोंडाला लावतात.

आत्या त्या बोर्डिंगात राहिल्या होत्या. आईबाप नव्हते. सही करायला त्या तिथंच शिकल्या.

त्या संध्याकाळी सह्यांचा कागद त्यांच्यापुढं आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, “गुरुजी, काय लिवलंय ओ यात?”

मी म्हणालो, “छपराचं आहे, आत्या. करा सही.”

त्यांनी मेणबत्तीजवळ कागद धरला आणि अक्षर-अक्षर काढत सही केली. बोर्डिंगात शिकलेली सही, बोर्डिंग विकायच्या कागदावर.

हे मी केलं. चिटणिसांनी माझ्या तोंडात हे वाक्य घातलं नव्हतं.

आता पुढचं ऐका, कारण लोभाची गोष्ट इथं येते. खरेदीखतावर एक आकडा होता आणि बाजारात लोक दुसरा बोलत होते. दोन्हींत किती फरक होता ते मला कुणी दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. न विचारण्याबद्दल मला काय मिळालं ते सांगतो. जागा घेणाऱ्यानं ठरल्याप्रमाणं चर्चच्या पुढच्या बाजूला मंडळीसाठी सात गाळे बांधून दिले. भाड्यातनं मंडळीचा खर्च भागेल, पाळकांचा पगार वेळेवर होईल, गरीब मुलांची फी भरता येईल, असं सभेत सांगितलं होतं. ‘गरिबांना का नाही दिलं’ हे वाक्य आमच्याही तोंडी होतंच. सातांपैकी पाच गाळे कमिटीतल्या घरांत गेले. एक माझ्या मुलाला मिळाला. भाडं महिना नऊशे रुपये. रस्त्यापलीकडं तेवढ्याच गाळ्याला साडेचार हजार पडत होते.

मुलगा तेव्हा रिकामा होता. पदवी झालेली, नोकरी नाही. सरकारी जागेला अर्ज करावा तर कन्नडची अट आडवी यायची. आपल्या भागातल्या किती मराठी घरांत ही गोष्ट आहे ते मी सांगायला नको. बापाचा जीव तुटत होता. चिटणीस एका रात्री घरी आले, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, “गुरुजी, तीन नंबरचा गाळा पोराला घ्या की. आपलंच आहे.” मी रात्रभर जागा होतो, पण आनंदानं. माझी प्रार्थना देवानं ऐकली असं मी बायकोला म्हणालो. दुसऱ्या रविवारी थैलीत पन्नास रुपये जास्तीचे टाकले.

हे मी एवढ्या तपशिलानं लिहितोय, कारण लोभ कधी तोंडावर फडकं बांधून, चोरासारखा आला असता तर मी ओळखला असता. मी दशमांश बुडवणारा माणूस नव्हे. लोभ माझ्या घरी चहाला आला, पोराच्या काळजीतनं आला, आणि प्रार्थनेचं उत्तर म्हणून आत बसला. गाळा घेतल्यावर हिशेबाचं तोंड उघडायची माझी ताकद गेली. बाकीच्या चार घरांचंही तेच झालं असणार. त्यांचं मी बोलत नाही, त्यांचं त्यांनी बोलावं.

मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात याजकांनी यहूदाला तोलून दिले ते आपल्या जुन्या मराठी बायबलात ‘तीस रुपये’च आहेत. निर्गमाच्या पुस्तकात बैलानं कुणाचा गुलाम मारला तर मालकाला द्यायची भरपाई तीस शेकेल ठरवून दिली आहे. गुलामाची किंमत. मुलं नेहमी विचारतात, गुरुजी, एवढ्याशा पैशांसाठी? मी त्यांना म्हणायचो, लोभ आंधळा असतो. आता मला वाटतं, मला गाळ्याचं भाडं महिना साडेतीन हजारांनी कमी पडत होतं आणि तेवढ्यात माझं काम झालं.

त्याच अध्यायात जेवणाचा प्रसंग आहे. तुमच्यातला एक मला धरून देईल, असं प्रभू म्हणतो. तेव्हा बाराही जण एकेक करून विचारतात, मी आहे का तो? कुणीही शेजाऱ्याकडं बोट दाखवत नाही. कुणी म्हणत नाही, प्रभू, मला त्या डबीवाल्याचाच संशय येतो. तीन वर्षं बरोबर चालून त्यांना एवढं कळलं होतं की तो आपण असू शकतो. बाकीचे ‘प्रभू’ म्हणतात, यहूदा ‘गुरुजी’ म्हणतो. बागेत धरून देतानाही ‘गुरुजी, सलाम’ असंच म्हणून तो मुका घेतो. मला सगळं गाव गुरुजी म्हणतं आणि आपण चर्चच्या दारात एकमेकांना सलाम करतो. हे दोन्ही शब्द आता मला ऐकवत नाहीत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचला जातो. माणसानं आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा. मी पंच म्हणून कितीदा तरी प्याला फिरवला, आत्यांच्या ओठांशीही नेला. त्या एका मिनिटाच्या शांततेत डोळे मिटून मी काय करायचो, तर आठवड्यात बायकोवर रागावलो, कुणाला टाकून बोललो, ते आठवायचो. बाहेरच्या गाळ्याचं शटर त्या मिनिटात मला एकदाही दिसलं नाही. खिडकीतनं दिसतं ते, तिसऱ्या बाकावरनं सरळ समोर.

पुढचं मी आपल्या मराठी माणसांना उद्देशून लिहितो, मंडळीबाहेरच्यांनाही. १ नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो. १९५६ पासून आपल्याला नको असलेल्या राज्यात राहतोय हे सांगतो. सरकारी कागद मराठीत द्या, उतारे मराठीत द्या, नोटिसा मराठीत द्या, न कळणाऱ्या भाषेत आमच्या सह्या घेऊ नका, असं म्हणतो. ती मागणी न्याय्य आहे. मीही दंडाला काळी फीत बांधून फेरीत चाललोय. आणि त्याच मी माझ्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाईची सही तिला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर घेतली. परक्या सरकारनं केला तर जो अन्याय, तो मी मराठीत बोलून केला. तिला माझी भाषा कळत होती म्हणून तर तिचा विश्वास बसला.

चिटणिसांबद्दल थोडं. त्यांनी केलं ते केलं, मी त्यांना धुऊन काढत नाही. पण मरणाच्या आधी तीन महिने ते माझ्याकडं आले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, पायरी चढताना धाप लागत होती. म्हणाले, “गुरुजी, कमिटी बोलवा. मला हिशेब सांगायचाय.” मी म्हणालो, “आता कशाला? बरे व्हा आधी.” मी घाबरलो होतो. त्यांचा हिशेब निघाला असता तर तीन नंबरचा गाळाही निघाला असता.

मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढून वाचा. यहूदाला पस्तावा होतो. तो ते तीस रुपये परत घेऊन याजकांकडं जातो, मी पाप केलं म्हणतो. ते म्हणतात, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तो पैसे मंदिरात टाकून निघून जातो आणि गळफास घेतो. मग त्याच याजकांना नियम आठवतो, हे रक्ताचे पैसे आहेत, मंदिराच्या भांडारात टाकता येत नाहीत! ज्यांनी ते मोजून दिले त्यांनाच ते भांडारात नको होते. शेवटी कुंभाराचं शेत विकत घेतात, परक्यांना पुरायला. शिष्यांतल्या पेत्रानंही प्रभूला धरलं त्याच रात्री त्याला नाकारलं, तीनदा, शपथा घेऊन. तोही बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण त्याला परत यायला जागा होती, दहा जण होते, पुढं समुद्रकिनारी विस्तवावर मासे भाजत बसलेला प्रभू होता. यहूदा कबुली घेऊन ज्या दारात गेला तिथं त्याला ‘तुझं तू बघ’ ऐकावं लागलं. मी चिटणिसांना बोललो ते वाक्य गोड होतं, पण दार तेच.

कमिटीतल्या काही जणांनी मला हे पत्र लिहू नका म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं मी गंभीरपणानं घेतलं, कारण ते भित्रे लोक नाहीत. त्यांचं म्हणणं असं की दिवस वाईट आहेत. २०२१ च्या डिसेंबरात आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटकच्या विधानसभेत मंजूर झालं, पुढच्या वर्षी कायदा झाला, तेव्हापासून घरगुती प्रार्थनेलाही माणसं दबकून जमतात. अशा वेळी आपल्या घरातली घाण आपण चव्हाट्यावर का आणायची? बाहेरचे म्हणतील, बघा, हे असे असतात.

म्हणू देत. बाहेरच्यांनी काय म्हणावं यावर आपलं खरं-खोटं ठरत नाही. आणि खरं सांगायचं तर गावाला सगळं आधीपासून माहीत आहे. पानपट्टीवर बसणाऱ्याला गाळ्यांचं भाडं माहीत आहे, रिक्षावाल्याला माहीत आहे. माहीत नाही असं दाखवतो ते फक्त आपण, रविवारी साडेनऊ ते अकरा. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते. ऑक्टोबरात आपण सुधारणेचा रविवार करतो, ल्यूथरनं १५१७ मध्ये पंचाण्णव मुद्दे लावले त्याची आठवण म्हणून. त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकून रोमला मोठं चर्च बांधत होते, त्याच्या विरोधात तो उभा राहिला. त्याच्या नावानं आपण गाणी म्हणतो आणि आपल्या चर्चच्या पुढं गाळे आहेत.

मंगळवारी मी आत्यांकडं गेलो. हे पत्र बाहेर जाण्याआधी त्यांच्या कानावर जायला हवं होतं. त्या दारात बसल्या होत्या, मांडीवर सूप, पानं कातरून ठेवलेली. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. छपराचं नव्हतं आत्या, जागा विकायचं होतं, मला ठाऊक होतं. त्यांचा हात थांबला नाही. दोन विड्या वळून झाल्या, दोरा बांधून झाला.

“मी तितंच शिकलो की ओ सही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणाला म्हणून केली.”

पुढं काही बोलल्या नाहीत. सुपातली पानं जवळ ओढली. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलीही नाही. तिथं बसून माफी मागणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडनंच काहीतरी घेणं वाटलं.

आता मी काय करतोय ते लिहितो. तीन नंबरच्या गाळ्याची किल्ली या महिनाअखेर कमिटीकडं देतोय. मुलाशी बोललोय, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी सामान आवरायला लागला. सात वर्षं गाळा वापरला. बाजारभाव आणि आम्ही भरलेलं भाडं यात महिना ३,६०० रुपयांचा फरक धरला तर ३,०२,४०० होतात. बायबलातल्या जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. माझ्याच्यानं ते होणार नाही. मोशेच्या नियमशास्त्रात हडपलेलं परत करताना मुद्दलावर पाचवा हिस्सा घालायला सांगितलंय, तो ६०,४८०. एकूण ३,६२,८८०. पेन्शनीतनं महिना सात हजारांप्रमाणं देईन. मी मधेच गेलो तर उरलेले मुलानं द्यायचे, असं लिहून त्याची सही घेतली आहे. मराठीत लिहिलंय आणि वाचून दाखवलंय.

कमिटीला माझी विनंती आहे की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी रात्री प्रभुभोजनाआधी हिशेबाच्या वह्या टेबलावर आणाव्यात. माझ्या अकरा वर्षांच्या वह्या मी स्वतः घेऊन येईन. ठराव आणि खरेदीखत मराठीत करून मोठ्यानं वाचावं. कन्नड मी वाचीन, कुणी तपासायला बसावं. ज्याला उभं राहून बोलायचं त्यानं बोलावं, नसेल तर गप्प बसावं, कुणाचं नाव कुणी दुसऱ्यानं घ्यायचं नाही. पाळकसाहेब, त्या रात्री उपदेश नको. भाकर मोडायला उशीर झाला तर होऊ दे, लहान मुलांना आयांनी जेवू घालूनच आणावं. गाळ्यांचं पुढं काय करायचं, जागेबद्दल ट्रस्टला काय लिहायचं, ते त्यानंतर सगळ्या मंडळीनं बसून ठरवावं, पाच जणांनी नव्हे. आणि आत्यांना त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवावं, त्यांना लांबचं ऐकू येत नाही.

त्याआधी एक काम आहे. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे पाम संडेच्या, आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सातला, मी चिटणिसांच्या भिंतीपाशी असेन. त्यांच्या घरच्यांना विचारून ठेवलंय. त्या पोरीनं आठवडाभर घासून ‘दा’ थोडा पुसट केलाय, बाकीची दोन अक्षरं तशीच आहेत. ज्यांना जमेल त्यांनी यावं. घरात असेल तर काचपेपर आणा, पत्र्याची पट्टी आणा, थोडं टर्पेंटाइन मी घेतोय. नुसत्या पाण्यानं ऑइल पेंट निघत नाही.

तुमचाच,
मंडळीचा जुना खजिनदार